आबांचं पाणी कोण पास करणार

माणसाने जळावं तर धड कशावर तरी जळावं. शेजाऱ्याच्या गाडीवर, भावाच्या बंगल्यावर, नाहीतर वर्गमित्राच्या डोक्यावर अजून शिल्लक असलेल्या केसांवर. मी गेली दोन वर्षं खसखशीएवढ्या एका जनावरावर जळतो आहे. त्याला एकच डोळा आहे, आणि त्या एका डोळ्याने त्याने माझे सासरे माझ्याकडून फितवले.

खरं म्हणजे जनावर बिचारं काय फितवणार! फितवले ते माझ्या साडूने. पण साडूवर उघडपणे जळण्याची सोय नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, आणि स्वभावाने इतका गरीब की त्याच्यावर रागावलं तर बघणाऱ्यांना आपणच खलनायक वाटतो. सासुरवाडीत लहानथोर सगळे त्याला 'सर' म्हणतात. मी थोरला जावई. मला 'फिल्टरवाले' म्हणतात.

जळगावात माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नळ्या, ड्रिपर, व्हॉल्व्ह सगळंच विकतो, पण खरा जीव फिल्टरमध्ये. तळ्याचं, विहिरीचं पाणी थेट नळ्यांत सोडलं तर महिनाभरात ड्रिपरची भोकं बुजतात. म्हणून आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा. लोक म्हणतात, असल्या धंद्यात काय गंमत? गंमत अशी, की या फिल्टरच्या जोरावर माझं लग्न जमलं.

आबा, म्हणजे माझे सासरे, मला बघायला आले तेव्हा माझा पगार सांगण्यासारखा नव्हता. त्या वेळी मी दुसऱ्याच्या दुकानात होतो. वडील आतल्या आत घामाघूम झाले होते. आबांनी विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "पाणी गाळतो." घाबरून तेवढंच तोंडातून निघालं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलगा कलेक्टरच निघाला. पुढे काही विचारलंच नाही. चहा घेतला, तोही स्वतःच्या पंच्यातून गाळून, आणि जाताना वडिलांना सांगितलं, "पोरगी दिधी."

पंच्याचं कारण मला नंतर कळलं. आबांचं गाव चाळीसगाव तालुक्यात. त्यांच्या लहानपणी गावाला पाणी एकाच पायऱ्यांच्या विहिरीचं. बायामाणसं पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरायची. त्या पाण्यातून आबांना नारू झाला. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायला लागला की तो काडीला गुंडाळायचा, रोज थोडाथोडा. आबांच्या पायातला मध्येच तुटला. पाय असा सुजला की अख्खी पेरणी त्यांनी खाटेवरून पाहिली. तेव्हापासून डावा पाय ते जरा ओढत चालतात. गावात आलेल्या डॉक्टरने तेव्हा सांगितलं होतं, की पाण्यात डोळ्याला न दिसणारं एक जनावर असतं, नारू त्याच्या पोटात बसून आपल्या पोटात येतो, फडक्याने गाळलं की जनावर अडकतं. झालं. त्या दिवसापासून आबांनी न गाळलेला थेंब घशाखाली सोडला नाही. धोतराचा चौपदरी तुकडा कायम खिशात. लग्नात, एसटी स्टँडवर, पाचोऱ्याला बहिणीकडे, सगळीकडे. नारू देशातून हद्दपार होऊन कैक वर्षं झाली. आबा सीलबंद बाटलीतलं पाणीही गाळतात. नातवंडं हसतात. आबा म्हणतात, "हसा. तुमना पाय सरळ शे."

अशा माणसाच्या घरी फिल्टरवाला जावई म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. मी सासुरवाडीला पोचलो की ओट्यावर बसायच्या आत आबा आपला पितळी पेला गाळलेल्या पाण्याने भरून माझ्या हातात देत.

"जवाईबापू, देखा बरं. पास का?"

मी पेला वाकडा करून कडेचं पाणी उन्हात धरायचो, भुवया आवळायच्या, थोडा वेळ घ्यायचा. मग म्हणायचं, "पास." आबा ते पाणी पिऊन टाकत. पेल्यात मला कधीच काही दिसलं नाही, दिसणारही नव्हतं. पण माझ्या 'पास'शिवाय आबा पाणी पीत नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. जळगावात मला माझी मुलंसुद्धा काही विचारत नाहीत. वर्षातून चार वेळा एक म्हातारा माणूस माझ्या एका शब्दावर पाणी पितो, एवढ्यावर मी उरलेलं वर्ष काढत असे.

मग सर आले.

म्हणजे जावई म्हणून ते आधीच आले होते. दोन वर्षांपूर्वी जाळं घेऊन आले. मलमलीपेक्षा बारीक विणीचं, टोपीसारखं जाळं, खाली एक छोटी बाटली बांधलेली. त्यांचं संशोधन पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांवर. खेकडा आणि झिंगा यांचे भाऊबंद, पण इतके लहान की चमच्याभर पाण्यात अख्खी भाऊबंदकी मावते. धुळ्याकडची पांझरेवरच्या बंधाऱ्यांची डबकी त्यांनी पालथी घातली होती, आता विहिरी आणि शेततळी धरली होती. आबांच्या शेतात दोन्ही आहे. शेततळं तर मीच सांगून करवून घेतलेलं. प्लास्टिकचा कागदही माझ्याच दुकानातला.

सरांनी जाळं तळ्यात ओढलं, बाटली सोडली, थेंब काचेवर घेतला आणि मोबाईलला चिकटणारं एक भिंग लावून आबांपुढे धरलं. मी मागे उभा होतो. मनात म्हटलं, आबा आता काठी उगारतात.

"हाई शे का ती?" आबांनी विचारलं.

"हीच, आबा. हिच्याच जातीतून नारू जायचा पोटात. आता हिच्यात काही नाही. नारूच नाही राहिला."

आबांनी मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. पडद्यावर लांबट पेरूसारखं काहीतरी झटके देत होतं.

"इतलीशी!" आबा म्हणाले. मग, "एकच डोया शे हिले."

"हो. एकच."

"आन दोन्ही बाजूले हाई काय लटकाडेल शे?"

"अंड्यांच्या पिशव्या, आबा. आई आहे ती."

आबांनी मान वर केली. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो. जन्मभराचा वैरी समोर आलेला. पण आबा अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हाक मारत होते. "अवं, इकडे ये! देख. लेकुरवायी शे बिचारी!"

ती 'बिचारी' मी अजून विसरलेलो नाही.

त्या संध्याकाळी पितळी पेला भरला गेला आणि माझ्या हातासमोरून सरांकडे गेला. आबांचा काही वाईट हेतू नव्हता. सरांकडे भिंग होतं, एवढंच. सरांनी थेंब काचेवर घेतला, पाहिला आणि म्हणाले, "काही नाही, आबा, स्वच्छ." 'पास' म्हणायचं असतं, एवढंसुद्धा त्यांना माहीत नव्हतं! आबांनी पाणी पिऊन टाकलं.

त्यानंतर आबा बदलले. गाळलेलं फडकं ते आधी उन्हात झटकत. आता ते काचेच्या बरणीत खळबळून धुऊ लागले. अडकलेली जनावरं बरणीत, बरणी ओट्यावर. फोन केला की शेताऐवजी बरणीच्या बातम्या. विहिरीतली वेगळी, तळ्यातली वेगळी. तळ्यातली पाणपिसू पारदर्शक, तिचं काळीज चालताना दिसतं, पाठीवर पिल्लं घेऊन फिरते आणि पाण्यातला हिरवा गाळ खाते. पावसाच्या डबक्यात एक असतं, ते उलटं पोहतं, आणि डबकं आटलं तरी त्याची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं पावसाची वाट बघतात. "बठ्ठं सरांनी सांगं," आबा म्हणायचे. सगळं सरांनी! मग एकदा म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही इतली वर्षं पान्यात शेतस. तुम्ही कधी सांगं नही?"

काय सांगणार? आमच्या धंद्यात त्या सगळ्या मंडळींना एकच शब्द आहे. कचरा.

मग मी ठरवलं, की आपणही जनावरं पाळायची. सरांपेक्षा मोठी आणि जास्त. आबांच्या तळ्यातलं पाणी बाटलीत भरून आणलं, जळगावात गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादलीत ओतलं आणि कुंड्यांच्या सावलीत ठेवलं. बायको रोज विचारायची, "अहो, त्या बादलीत काय बघता एवढं? स्वतःचं तोंड?"

मी म्हणायचो, "अभ्यास करतोय."

"दहावीला केला असता तर."

पहिले काही दिवस बादलीत काही दिसेना. जळगावचं ऊन म्हणजे काय, ते मी पाणपिसवांना सांगायचं विसरलो होतो. पण मग हालचाल दिसू लागली. चांगली मोठी, चष्म्याशिवाय दिसतील अशी. वळवळून वर यायची, पृष्ठभागाला टांगून राहायची, सावली पडली की खाली पळायची. मी हरखलो. सरांची दिसायला भिंग लागतं, माझी नुसत्या डोळ्यांनी! लोणच्याची मोठी बरणी धुतली, त्यात सगळी भरली, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि अधिक महिन्याच्या आमंत्रणाची वाट बघत बसलो.

आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात, हातावर चांदीचं काहीतरी ठेवतात. या वेळी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं होतं. थोरला म्हणून पहिला पाट माझा, याबद्दल वाद नव्हता. माझा जीव पाटात नव्हताच, पेल्यात होता.

चाळीसगावपर्यंत बरणी मी मांडीवर धरून नेली. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती.

ओट्यावर सगळे जमले. आम्हा दोघांना नवे शर्ट दिले होते, दोन्ही पांढरेशुभ्र, ते घालूनच बसायचं असा अक्कांचा हुकूम. मी बरणी आबांपुढे ठेवली. "आबा, तुमच्याच तळ्यातली. मी वाढवली."

आबा वाकले. त्यांच्या डोळ्यांत अशी उत्सुकता होती की माझी दोन वर्षं तिथल्या तिथे वसूल झाली. "मोठी शेतस रे! सर, हाई कोनती जात?"

सर वाकले. बघितलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बरणीत पाहिलं. हा माणूस वर्गात पोरांना कसा नापास करत असेल, देव जाणे. म्हणाले, "वा! भाऊ, छान वाढवलीत. हे... पाण्यातच असतात हे. म्हणजे, काही दिवस."

"काही दिवस म्हंजे?" आबांनी विचारलं.

उत्तर द्यायची सरांवर वेळ आली नाही. आबांनी नीट दिसावं म्हणून फडकं सोडलं आणि बरणीतून एक डास उठला, आबांच्या कानापाशी गाणं म्हणत गेला. त्याच्या मागे दुसरा. मग तिसरा.

अक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अवं माय! जवाईबापूनी बरनीमा मच्छर आनेल शेतस!"

ओटा हसून लोळला. मेहुणी हसली, मुलं हसली, माझी बायको तर सगळ्यात जास्त हसली. तिला बहुधा प्रवासातच संशय आला असावा. डासाची अळी मी ओळखत नाही असं नाही. आमच्या गल्लीत पालिकेची बाई येते, टाक्या तपासते, दाखवते, ओरडते. पण मत्सराचा चष्मा चढला की माणसाला डाससुद्धा कर्तबगार दिसतात. माझ्या बादलीतले मूळ मालक उन्हाने पहिल्याच आठवड्यात मेले होते. मी इतके दिवस भाडेकरू पोसत होतो.

हसले नाहीत ते दोघंच. आबा, कारण ते हिरमुसले होते. आणि सर, कारण त्यांना माझी कीव आली होती. मच्छरापेक्षा ती कीव जास्त चावली.

"फिल्टर बघून येतो," म्हणून मी उठलो आणि भर उन्हात तळ्याकडे निघालो. जेवणाच्या तोंडावर नव्या शर्टात फिल्टर कोण बघतं? पण जायला दुसरी जागा नव्हती. मागून पावलं वाजली. सर येत होते, भिंग हातात घेऊन.

"भाऊ, मनावर घेऊ नका. आमच्या एम.एस्सी.च्या मुलांचंसुद्धा होतं असं."

"तुम्ही जा, सर. पुरण गार होईल."

"मोटर चालू आहे का? प्रेशर जास्त वाटतं."

प्रेशर जास्तच होतं, काट्यावरही आणि माझ्यातही. वाळूचा फिल्टर तुंबला होता. बोलण्यापेक्षा काम बरं, म्हणून मी पाणी उलटं फिरवून घाण बाहेर काढणारा व्हॉल्व्ह खसकन उघडला. तोटीपुढे कोण उभं आहे ते बघितलं नाही, असं मी बायकोला सांगितलं आहे.

हिरवट काळं पाणी, महिन्याभराचा गाळ, सरळ सरांच्या छातीवर. गळ्यापासून कमरेपर्यंत. आहेराचा शर्ट अंगावर येऊन तासही झाला नव्हता. मला भयंकर बरं वाटलं. तेवढ्याच वेगाने भयंकर वाईटही वाटलं. मी व्हॉल्व्ह बंद करायला धावलो.

"बंद करू नका!" सर ओरडले. हा माणूस ओरडू शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं. "भाऊ, बंद करू नका!"

ते स्वतःच्या शर्टाकडे बघत होते. पांढऱ्या कापडावर हिरवा गाळ, आणि गाळात ठिपके. ठिपके चालत होते. सरांनी शर्टाचा घोळ डाव्या हातात पसरून धरला आणि उजव्या हाताने त्यावर भिंग टेकवलं.

"शिंपल्यातली आहे," ते पुटपुटले. "भाऊ, बघा. बघा तरी!"

मी वाकलो. अर्ध्या मुगाएवढं दिसत होतं भिंगातून, दोन शिंपांचं, हुबेहूब नदीच्या शिंपल्यासारखं; आणि शिंपांच्या फटीतून केसासारखे पाय बाहेर काढून तुरुतुरु चाललं होतं. पाणपिसवांची नुसती टरफलं उरली होती, वाळूच्या दाबाने त्या चेंगरल्या होत्या. ही चिलखतवाली मात्र जिवंत.

"दोन वर्षं मी या तळ्यात जाळं ओढतोय," सर म्हणाले. "एक नाही मिळाली. तळाला असतात या, गाळात. माझं जाळं वरवर फिरतं."

"आमच्या पाइपाच्या तोंडाचा फूटव्हॉल्व्ह तळाशी असतो," मी म्हटलं. "तो सगळं ओढतो."

"आणि तुम्ही हे दरवेळी..."

"बांधावर सोडतो."

सरांनी फिल्टरच्या टाकीवरून हात फिरवला. "भाऊ, असे फिल्टर तुमच्याकडे किती ठिकाणचे येतात?"

"जिल्हाभरातले," मी शक्य तितक्या बेफिकिरीने म्हटलं. "विहिरीवरचे, तळ्यावरचे, तापीकाठचे. यावलच्या केळीवाल्यांचे तर मोजत नाही मी." आणि सरांच्या डोळ्यांत मला ती नजर दिसली. ती मी लगेच ओळखली. दोन वर्षं मी तीच वापरत होतो. फक्त त्यांना ती जास्त शोभत होती, याचंही वाईट वाटलंच.

तोवर आबा पाय ओढत बांधावर पोचले होते, मागे अक्का तांब्या-पेला घेऊन. ऊन मी म्हणत होतं. आबांनी सरांचा अवतार पाहिला, भिंगातून शर्ट पाहिला, बराच वेळ पाहिला. "फिल्टरमा व्हती?" मला विचारलं.

"हो, आबा."

"तुम्हना फिल्टरमा?"

"हो."

आबांनी तांब्याच्या तोंडावर चौपदरी फडकं धरलं, पेला भरला, आणि कुणाला द्यावा असा क्षणभरही विचार न करता माझ्यापुढे धरला. "देखा बरं. पास का?"

दोन वर्षांनी तो पेला माझ्या हातात आला. मी तो वाकडा करून उन्हात धरला, भुवया आवळल्या. आणि कडेच्या पाण्यात काहीतरी हललं.

बारीक, काळं, झटका देऊन बाजूला सरकलं. मी पेला फिरवला. ते पुन्हा आलं. आयुष्यात पहिल्यांदा आबांच्या पाण्यात मला काहीतरी दिसत होतं, आणि तेही आजच. 'पास' म्हणावं, तर सकाळी मच्छर आणणारा दुपारी जनावर पाजतो. 'नापास' म्हणावं, तर आबांच्या फडक्याचा, त्यांच्या अख्ख्या आयुष्याच्या फडक्याचा अपमान. आबा वाट बघत होते.

मी पेला सरांपुढे केला. "तुम्ही जरा बघा. भिंग आहे तुमच्याकडे."

हे पाच-सहा शब्द मी कसे काढले, माझं मला माहीत. सरांनी थेंब घेतला, पाहिला, दुसरा घेतला, तोही पाहिला. मग माझ्या कानाशी येऊन, परीक्षेत उत्तर सांगावं तसं हळूच म्हणाले, "काही नाही, भाऊ. ते तुमच्या डोळ्यात आहे. वयाने येतं. मलाही दिसतं."

पेला त्यांनी परत माझ्याच हातात दिला.

"पास!" मी म्हटलं. आजूबाजूच्या शेतांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आबांनी पेला तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली आणला नाही. मग फडकं नेहमीप्रमाणे बरणीसाठी घडी करून खिशात ठेवलं आणि आम्हा दोघांच्या मध्ये चालत घराकडे निघाले. डावा पाय ओढत, उजवा हात माझ्या खांद्यावर.

धोंडे मी पोटभर खाल्ले. सगळं मनासारखं झालं होतं. परतीच्या वाटेवर बायकोने विचारलंही, "आता तरी झालं ना समाधान?"

झालं असतं. पण निघताना अक्कांनी सरांचा शर्ट धुवायला मागितला, तर सरांनी दिला नाही. तसाच ओला, गाळासकट, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि दोन्ही हातांनी सांभाळत धुळ्याला नेला. आबा त्या पिशवीला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले. मीही तिथेच उभा होतो, त्याच कापडाचा, त्याच मापाचा, इस्त्रीसुद्धा न मोडलेला शर्ट घालून. माझ्या शर्टाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.